चिमाआप्पांचा फोड

एखाद्याचा कुणावर इतका जीव असला, की बघणाऱ्यालाच धाप लागावी, तर आपण म्हणतो, 'तळहाताच्या फोडासारखं जपतोय बघा!' म्हणायला आपलं काय जातं? हे बोलणाऱ्या दहातल्या नऊ जणांच्या तळहाताला जन्मात फोड आलेला नसतो. मला एकदा पोळ्या शेकताना अंगठ्याला आला होता. त्याच्या जिवावर मी सासूबाईंकडून बरेच दिवस भांडी घासून घेतली. पण त्याला जपणं म्हणत नाहीत, डाव म्हणतात.

हा शब्द कुठून आला, हे पंडितांना विचाराल तर ते काहीतरी वेगळं सांगतील. मी सांगते ती आमच्या नाशिकच्या तांबट लेनमधली उत्पत्ती. ती खरी की खोटी ते देव जाणे. पण तिचा पुरावा आमच्या समोरच्या घरात राहतो, आणि त्याचे माझ्यावर उपकार आहेत.

आम्ही सिन्नरहून इथं राहायला आलो ते नव्वद साली. पहिल्याच सकाळी समोरून ठण् ठण् ठण् सुरू झालं. घरात लहान बाळ, रात्रभर जागलेली मी. पदर खोचला आणि भांडायला निघाले. समोर ऐरणीपाशी एक काळासावळा, उघडाबंब माणूस बसलेला. मी तोंड उघडायच्या आत, माझं नाव आधीच विचारून ठेवल्यासारखा तो म्हणाला, "या वत्सलाबाई. बाळ उठलं का? उपकार झाले बरं का, ह्या घरात पुन्हा लेकराचं रडणं ऐकू आलं. घरमालक गेल्यापासून मुकं होतं घर."

मी परतले ती गुळाचा चहा पिऊन आणि हातात हातोडीनं मठारलेला तांब्या घेऊन. "नव्या शेजाराचा," म्हणाले. भांडण राहिलं ते राहिलंच. पुढं बाळाला त्या ठोक्यांशिवाय झोप येईना. दर सोमवारी दुकान बंद असायचं, तेव्हा मी पळी घेऊन परात बडवत बसायचे.

हे चिमाजी तांबट, म्हणजे सगळ्यांचे चिमाआप्पा. 'उपकार झाले' हा त्यांचा श्वास. शहर बस थांबली की ड्रायव्हरचे उपकार. नळाला पाणी आलं की महापालिकेचे उपकार. एकदा भर उन्हात ढग आला तर वर बघून हात जोडले होते! गल्लीच्या तोंडाशी कल्हईची भट्टी लावून बसणारा सलाउद्दीन म्हणायचा, "आप्पा, तुम्ही चोरालाही म्हणाल, उपकार झाले, दार हळू लावून गेलात."

"म्हणेन की," आप्पा म्हणायचे. "फुलाची झोप मोडली नाही ना मग!"

फुला म्हणजे त्यांची बायको फुलाबाई. ही दिवसातून मोजून बोलायची, पण बोलली की ठोका बरोबर बसायचा. तिनंच मला एका दुपारी गहू निवडताना सांगितलं. लग्नानंतर दोन लेकरं पाळण्यातच गेली. मग कितीतरी वर्षं काहीच नाही. आणि आप्पांच्या डोक्यावर पांढरे केस दिसायला लागले तेव्हा मीना झाली. जन्मली ती निळी पडलेली, आवाज नाही. दवाखान्यातली एक सिस्टर, कुठली कोण, केरळातून आलेली, धड मराठीही येत नव्हतं, तिनं त्या पोरीला उलटं धरलं, चोळलं, तोंडानं वारा घातला आणि रडवलं. आप्पा त्या सिस्टरच्या पायावर डोकं ठेवून बसले ते उठेचनात. शेवटी तिनंच दटावलं, "बाबा, उठो, मेरेको काम है."

आता कळलं ना? ज्याला एवढं उशिरा, एवढ्या उपकारानं मिळालं, त्याला ते आपलं वाटतच नाही. उसनं आणलंय, कधीही कुणी परत मागायला येईल, असं वाटत राहतं.

मग जपणं सुरू झालं. आम्ही आलो तेव्हा मीना पहिलीत होती. शाळा गल्लीच्या टोकाला. तरी आप्पा दप्तर घेऊन मागे. पाणी प्यायला त्यांनी तांब्याची बाटली स्वतः ठोकून केली, ती एवढी जड की पोरीला उचलेना. म्हणून ती घेऊन पुन्हा आप्पाच मागे. गल्लीतली पोरं ओरडायची, "चिमाआप्पांचा फोड चालला शाळेला!" हे नाव मीच ठेवलं होतं, आणि ते असं चिकटलं की शाळेतले मास्तरसुद्धा एकदा हजेरी घेताना अडखळले.

शाळेची सहल लासलगावला गेली, कांद्याचा लिलाव बघायला. बरोबर पाणी वाटायला एक माणूस हवा होता. तो माणूस कोण झाला असेल, सांगायला नको. मार्केटच्या आवारात ट्रॅक्टरांची रांग, धूळ, ओरडा. आप्पांनी मीनाचा हात सोडला नाही. एका व्यापाऱ्याला वाटलं, हा कुणी शेतकरी. "बाबा, तुमचा माल कुठला?" आप्पांनी मीनाकडं बोट दाखवलं. "हा. पण विकायचा नाही."

सायकल आली तेव्हा तर कहर झाला. मीना शिकली दोन दिवसांत. पण आप्पा कॅरिअर धरून मागे पळत राहिले ते उन्हाळाभर. मी खिडकीतून ओरडायचे, "आप्पा, सायकल मीना चालवतेय की तुम्ही?" ते धापा टाकत सांगायचे, "दोघं मिळून, वत्सलाबाई, दोघं मिळून!" शेवटी पाय थकले, तेव्हा हँडलला घुंगरू बांधलं. म्हणजे दुकानात बसून कळावं, फोड कुठवर पोचला. मीना बिचारी कधी चिडली नाही. गल्लीच्या वळणावर गेली की घुंगरू मुठीत दाबून धरायची, तेवढंच तिचं स्वातंत्र्य. मला दिसायचं. मी कधी चुगली केली नाही. मी गावभर बोलत असले तरी कुठं बोलायचं नाही ते मला कळतं.

दरम्यान गल्लीतले ठोके कमी होत गेले. स्टील आलं, प्लास्टिक आलं, मशिनवर दाबून काढलेली भांडी आली. आप्पा दुकानात बसून फुटक्या भांड्यांना डाग देणं, पॉलिश करणं, तयार माल विकणं एवढंच करायला लागले. ऐरणीवर फुलाबाई पापड वाळत घालायची. आप्पांच्या हाताचे घट्टे, जे दगडासारखे होते, ते मऊ पडले. एकदा भाजी घेताना माझ्या हातात सुटे पैसे ठेवले, तर मला तो हात एखाद्या कारकुनाचा वाटला.

मीना बारावी झाली आणि नर्सिंगला गेली. तेव्हा आप्पा खूश होते, कारण ट्रेनिंग नाशकातच. रोज डबा घेऊन फाटकापाशी. वॉचमनचे उपकार मानून मानून त्यांनी आत स्टूल मिळवलं होतं.

मग दोन हजार पाच साली तिला नोकरी लागली. सुरगाण्याकडं, डोंगरातल्या आरोग्य उपकेंद्रावर.

सुरगाणा म्हणजे आमच्या जिल्ह्याचंच टोक, पण आप्पांना ते अमेरिकेपेक्षा लांब वाटलं. बसनं जायचं, पुढं जीप. जीपला माणसं लोंबकळलेली. पावसात ओढ्याला पाणी आलं की वाट बंद. आप्पा एवढंच म्हणाले, "नाही."

दोन आठवड्यांच्या आत हजर व्हायचं होतं, नाहीतर जागा दुसऱ्याला. सगळी गल्ली आप्पांना समजावून आली. मी गेले. सलाउद्दीन गेला. आप्पांनी सगळ्यांचे उपकार मानले आणि सगळ्यांना नाही म्हटलं.

मीना रडली नाही, भांडली नाही. जेवायला वाढता वाढता म्हणाली, "आप्पा, तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही."

"मग झालं तर!" आप्पांचा चेहरा उजळला.

"पण एक सांगा. मला रडवलं त्या सिस्टरची गोष्ट तुम्ही रोज सांगता. ती कुठली होती?"

"केरळची."

"तिच्या आप्पांनी तिला घरीच ठेवली असती तर?"

मी तिथं लोणच्याची वाटी परत द्यायला गेले होते, म्हणून हे ऐकलं. (वाटी दोन दिवसांपूर्वीच द्यायची होती, पण मी योग्य वेळ बघत होते.) आप्पा ताटातला भात तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी किती वर्षांनी ठण् ठण् ऐकू आलं! मी धावतच खाली. ऐरणीवरचे पापड बाजूला, तांब्याचा पत्रा पुढ्यात, भट्टी पेटलेली.

"काय घडवताय, आप्पा?"

"हंडा. मीनाच्या लग्नाचा." डोळे वर न करता बोलले. "मागच्या आळीत एक स्थळ आहे. मुलगा चांगला आहे. गच्चीवरून गच्ची दिसते."

मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले, असं आमचे हे सांगतात. खोटं आहे, मी घरी येऊन तास दोन तास बोलत होते.

हंडा वर चढायला लागला. खालचा घेर झाला, मग मठारकाम. म्हणजे हातोडीचे बारीक, एकसारखे ठोके, त्यानं भांड्याच्या अंगावर ओळीनं खळ्या उठतात. तांबटाचा हात त्या खळ्यांवरून ओळखतात, जशी आपण बाईची रांगोळी ओळखतो. पण आप्पांचा हात आता मऊ. संध्याकाळपर्यंत उजव्या तळहाताला, अंगठ्याखाली, टपोरा फोड आला.

आणि आप्पांनी तो फोड जपायला घेतला! हळद लावली, तेल लावलं, वर चिंधी, चिंधीवर फडकं. हात कुठं टेकू देईनात. फुलाबाई घास भरवायची. मी बघून म्हटलं, "आप्पा, आता दोन फोड झाले तुमचे. कुठला जास्त लाडका?" हसले, पण नेहमीसारखं नाही.

फडकं बांधूनच त्यांनी पुन्हा हातोडी धरली. ठोका ढिला पडला. हंड्याच्या एका अंगाला खळ्या वेड्यावाकड्या उमटल्या, देवी आलेल्या तोंडासारख्या. गल्लीच्या तोंडाशी सलाउद्दीननं भाता थांबवला. मला म्हणाला, "भाभी, हे आप्पांचं वाजवणं नाही. हात घाबरलाय." मग आप्पांनीच हातोडी ठेवली. 'फोड बरा होऊ दे' म्हणाले. अर्धा हंडा कोपऱ्यात पडला आणि मीनाचे दिवस सरत चालले.

फोड मात्र बरा होईना. बरा कसा होणार? दिवसरात्र झाकलेला, तेलात भिजलेला. कडेनं लाल झाला, ठणकायला लागला. एका दुपारी मीनानं आप्पांना ओसरीवर बसवलं, पुढ्यात ऊन पाणी घेतलं, एकेक फडकं सोडवलं. मी समोरच चहा घेत होते.

"आप्पा, हे काय करून ठेवलंत?"

"जपला ना गं."

"जपला म्हणून चिघळला. पहिले दोन दिवस झाकायचा असतो. मग उघडा ठेवायचा, वारं लागू द्यायचं. हात वापरायचा. त्याशिवाय खालची कातडी घट्ट होत नाही."

ती नर्स म्हणून बोलत होती. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं. असतं तर मला कळलं असतं, मी अशा गोष्टी वासावरून ओळखते. तिनं जखम धुतली, मलम लावलं, पट्टी न बांधता हात तसाच मांडीवर ठेवला आणि पाणी फेकायला आत गेली.

उंबऱ्यात फुलाबाई उभी होती. म्हणाली, "तुमचा पहिला फोड मामंजींनी किती जपला होता, सांगा की वत्सलाबाईंना."

आप्पांनी तळहाताकडं बघितलं. मग बोलले ते माझ्याशी, पण मला उद्देशून नव्हे.

तांबटाचं पोर पहिल्यांदा हातोडी धरतं, त्याला फोड येतो. तो फोड घरात पाहुण्यासारखा असतो. पोराला काही काम सांगायचं नाही. आई भरवते, केससुद्धा तीच विंचरते. आजी रात्री तो हात उशीवर ठेवते, अंगाखाली येऊ नये म्हणून. आप्पांच्या वडिलांनी तर शेजाऱ्यांना सांगून ठेवलं होतं, की पोराला नमस्कारसुद्धा करायला लावू नका. मग फोड सुकतो. ज्या दिवशी सुकतो त्या दिवशी बापच पोराला ऐरणीपाशी नेतो आणि त्याच हातात हातोडी देतो. पोर रडतं, दुखेल म्हणतं.

"माझ्या बापानं मला सांगितलं, 'चिम्या, जपला तो याच्यासाठी.' आणि नंतर घट्टा धरला, की गल्लीत गूळ वाटायचा. घट्ट्याचा गूळ."

"म्हणजे, आप्पा," मी म्हटलं, "एवढी वर्षं आम्ही सगळे अर्धंच बोलत होतो की! फोडासारखं जपलं म्हणायचं, आणि पुढचं खाऊन टाकायचं."

"तुम्ही बोलत होता," आप्पा म्हणाले. "मी करत होतो."

दुसऱ्या दिवशी उघड्या हातानं ठोके सुरू झाले. पहिले काही चाचरत, मग बसत गेले. दुखत असणार, जबडा आवळलेला दिसत होता. सलाउद्दीन भट्टी सोडून गल्लीच्या मधोमध येऊन उभा राहिला, कान देऊन ऐकलं आणि ओरडला, "आ गये आप्पा!"

हंडा पुरा झाला. वेड्यावाकड्या खळ्यांचा पट्टा मात्र तसाच ठेवला. मी म्हटलं, एवढा भाग ताव देऊन सरळ करून घ्या, सासरचे नावं ठेवतील. आप्पा म्हणाले, "सासर कुठलं? हा पाण्याला आहे. दवाखान्यात लागेल."

मीना आत पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला.

सकाळी दार वाजलं. दारात आप्पा, हातात ताट, ताटात गुळाचे खडे. तसेच ते घरोघर फिरले. नव्या भाडेकरूंना काही कळेना, ते 'कसला गूळ?' विचारत राहिले. पण गल्लीतल्या जुन्या माणसांनी खडा हातात घेतला आणि आप्पांच्या तळहाताकडं बघितलं, मग मीनाकडं. मागच्या आळीतल्या स्थळाच्या आईनंसुद्धा घेतला, आणि समजून गेली. सलाउद्दीन तेवढा रुसला होता. "पाण्याच्या हंड्याला कल्हई लागत नाही, मग मी काय देऊ पोरीला?" शेवटी स्वतःच एक पितळी पातेलं आणून आरशासारखी कल्हई करून दिली. "यात रोज तोंड बघ, बेटा. बारीक दिसलीस तर आप्पा येतील तिथं."

सीबीएस स्टँडवर आम्ही सगळे गेलो. आप्पांनी हंडा टपावर चढवून दिला, कंडक्टरचे उपकार मानले. बस हलली. मला वाटलं, आता हे मागे धावणार, कॅरिअर धरून. मी त्यांचा सदरा पकडायच्या तयारीत होते. पण ते जागेवर उभे राहिले. फक्त उजवा हात वर केला, मूठ उघडी.

घरी येऊन सायकलीचं घुंगरू काढलं आणि ऐरणीला बांधलं. ठोक्यागणिक वाजतं आता. पापडांना कायमची दुसरी जागा शोधावी लागली.

इथंच संपवलं असतं. पण पुढच्या वर्षी, भात काढणी झाल्यावर, एक माणूस गल्लीत शिरला. डोक्यावर टोपली, पायात धूळ. घराघरांत विचारत होता, "सिस्टरचे बाबा हितंच रहत्यात का?" मीच त्याला समोर घेऊन गेले, अशी कामं मी दुसऱ्यावर सोपवत नाही.

त्याचं नाव मंगळू. सुरगाण्याच्या पलीकडच्या पाड्यावरचा. नाशकाला बांधकामावर चालला होता, वाट वाकडी करून आला होता. टोपलीत नागली, म्हणजे आपली नाचणी, वर पळसाच्या पानात बांधलेलं मधाचं पोळं.

"माझी बायको अडली होती," तो सांगायला लागला. "ओढ्याला पाणी. जीप नाय, काय नाय. सिस्टर रातोरात चालत आली, कंबरेइतक्या पाण्यातनं. पोरगं झालं ते रडंना. सिस्टरनी उलटं धरलं..." त्यानं हातानं करून दाखवलं. "आता लय वरडतंय. सगळ्या पाड्याला झोप नाय."

आप्पा ऐरणीपाशी बसलेले. हातोडी हातातच.

मंगळूनं टोपली खाली ठेवली आणि वाकून आप्पांच्या पायाला हात लावला. "बाबा, तुम्ही धाडली तिला. लय उपकार झाले तुमचे."

जन्मभर हाच शब्द वाटत फिरलेला माणूस! ड्रायव्हरला, नळाला, ढगाला. पण तो आपल्याकडं आला तर घ्यायचा कसा, हे त्यांना माहीत नव्हतं. हातोडी ठेवली, पुन्हा उचलली. फुलाबाईकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. शेवटी मंगळूचा हात हातात घेतला आणि उलटा करून तळहात बघितला. कुऱ्हाडीचे, विळ्याचे घट्टे होते त्यावर. आप्पांनी आपला हात त्याच्या शेजारी ठेवला.

"उठ बाबा," ते म्हणाले. "मेरेको काम है."

आणि घुंगरासकट ठोके सुरू झाले. मी घरी येऊन परात काढली. सोमवार नव्हता, बाळही आता कॉलेजात जायला लागलं होतं. पण मला आपलं त्यांच्या ठोक्यात ठोका मिसळावासा वाटला.